तुरुंग कशाने भरतो?



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून तुमच्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. अमेरिकेतील एका कौंटीचा तुरुंग माणसांनी तुडुंब भरला, त्याला पुरेसे पहारेकरी मिळेनात, आणि तेथील स्थानिक सरकारने त्यावर पन्नास वर्षे नाना उपाय केले, ही ती हकीकत आहे. शिक्षणाचे, नोकरीचे आणि जमिनीचे इतके प्रश्न आपल्यापुढे उभे असताना सातासमुद्रापलीकडच्या तुरुंगाची चिंता आपण कां करावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. म्हणून त्याचे उत्तर मी प्रथम देतो.

कायद्यापुढील समता खरी आहे की कागदावरची आहे, ह्याची परीक्षा तुरुंगाच्या दारात होते. आपल्या संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदात 'कायद्याचे समान संरक्षण' असे शब्द आहेत. त्यांचे नाते अमेरिकेच्या संविधानातील १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीशी आहे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना नागरिकत्व मिळावे आणि कायद्याने त्यांना इतरांप्रमाणेच वागवावे, म्हणून ती दुरुस्ती झाली. म्हणजे जे वचन आपल्याला १९५० साली मिळाले, ते त्यांना ८२ वर्षे आधी मिळाले होते. त्या वचनाचे तेथील तुरुंगाच्या दारात काय झाले, हे पाहणे आपल्या हिताचे आहे. दुसऱ्याला लागलेली ठेच पाहून आपण शहाणे व्हावे, हा साधा व्यवहार आहे.

टेक्सास राज्यात ह्यूस्टन नावाचे मोठे शहर आहे. ते ज्या कौंटीत वसले आहे, तिचे नाव हॅरिस कौंटी. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ४७ लाखांहून अधिक भरली. आपल्या जिल्ह्याचा कारभार सरकारने नेमलेले कलेक्टर पाहतात. तेथे मात्र कारभार करणारे बहुतेक सर्वजण लोकांनी निवडलेले असतात. एक मुख्य आणि चार कमिशनर मिळून जे मंडळ होते, त्याला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे. कौंटीची तिजोरी सांभाळणारे ते मंडळ आहे. मुंबईत शेरीफ हे केवळ मानाचे पद आहे; तेथील शेरीफ मात्र पोलिसांचा प्रमुख असतो आणि तुरुंगाचा ताबा त्याच्याकडे असतो. खटले चालविणारा सरकारी वकील निवडलेला आणि न्यायाधीशही निवडलेले. ही रचना नीट ध्यानात ठेवा. तुरुंगाच्या दाराला कुलपे किती आणि किल्ल्या कोणाकोणाच्या हाती, हे तीवरून कळते.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. त्या देशात शिक्षा होऊन दीर्घ मुदतीसाठी जाणारे कैदी राज्य सरकारच्या कारागृहात जातात. कौंटीच्या तुरुंगात मुख्यतः ज्यांचा न्याय अजून व्हायचा आहे अशी माणसे असतात. त्यांच्यावर आरोप आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. आपल्याकडे त्यांना कच्चे कैदी म्हणतात. तेव्हा ज्या तुरुंगाविषयी मी बोलत आहे, तो बहुतांशी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या माणसांचा तुरुंग आहे.

ह्या तुरुंगातील गर्दीविरुद्ध पहिला मोठा दावा १९७२ साली फेडरल न्यायालयात दाखल झाला. १९७५ साली न्यायमूर्ती कार्ल ब्यू ह्यांनी त्यावर निकाल दिला. कैद्यांची संख्या, पहारेकऱ्यांची संख्या, औषधपाण्याची व्यवस्था आणि खटल्यापूर्वी सुटका करण्याची सोय, ह्या सर्वांची दखल त्या न्यायालयाने घेतली. त्याच १९७५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने कौंटीच्या तुरुंगांवर देखरेख करण्यासाठी एक आयोग स्थापन केला. पण निकाल झाला म्हणून गर्दी ओसरली नाही. १९८० नंतरच्या वर्षांत राज्याची कारागृहे भरली, त्यांनी शिक्षा झालेले कैदी वेळेवर नेणे थांबविले, आणि ते कौंटीच्या तुरुंगातच साचू लागले. कौंटी राज्याकडे बोट दाखवी, राज्य कौंटीकडे दाखवी. ह्या गर्दीची जबाबदारी राज्यावरही आहे, असे अपील न्यायालयाला १९९१ साली सांगावे लागले. दाव्याचे कामकाज १९९० च्या दशकापर्यंत लांबले. ज्या माणसांच्या हालांमुळे तो सुरू झाला, ती माणसे केव्हाच बाहेर पडून म्हातारी झाली असतील.

आता स्थानिक सरकारने केलेले उपाय एकेक करून पाहू.

पहिला उपाय भिंतीचा. जागा अपुरी आहे ना, मग मोठी इमारत बांधा. हा उपाय सर्वांच्या आधी सुचतो, कारण इमारत डोळ्यांना दिसते आणि तिच्या कोनशिलेवर नाव कोरता येते. २००७ च्या नोव्हेंबरात नव्या तुरुंगासाठी कर्ज उभारण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि मतदारांनी तो नाकारला. २०१३ साली दुसरा प्रस्ताव आला. तो ह्यूस्टन शहर आणि कौंटी ह्यांनी मिळून पकडलेल्या माणसांची नोंद करण्यासाठी एक इमारत बांधावी, असा होता. तो थोड्या मतांनी मंजूर झाला आणि २०१९ साली ती इमारत उघडली. नोंदीचे काम त्यामुळे सोयीचे झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०२२ च्या सप्टेंबरात राज्याच्या आयोगाने ह्याच तुरुंगाला नियमभंगाची नोटीस दिली. कारण पकडून आणलेली माणसे ४८ तासांहून अधिक काळ नोंदीच्या ठिकाणीच अडकून पडत होती. दार नवे झाले, पण आत जागा मोकळी होत नव्हती.

दुसरा उपाय भाड्याच्या कोठड्यांचा. आपला तुरुंग भरला, तर पैसे देऊन दुसऱ्यांच्या तुरुंगात कैदी ठेवावेत. हॅरिस कौंटीने आपले कैदी टेक्सासमधील दूरच्या गार्झा कौंटीत पाठविले. शेजारच्या लुइझियाना राज्यात पाठविले. पुढे मिसिसिपी राज्यातही पाठविले. ह्यात खासगी कंपन्यांचे तुरुंगही आले. कागदावर गर्दी कमी झाली. पण त्या माणसाची आई त्याला भेटायला शेकडो मैल कशी जाणार? त्याचा वकील त्याच्याशी खटल्याविषयी केव्हा बोलणार? तारखेला त्याला परत कोण आणणार? माणूस दूर गेला की त्याचा खटलाही दूर जातो. जो पैसा न्यायालये वाढविण्यात खर्च झाला असता, तो भाड्यात गेला.

तिसरा उपाय पहारेकऱ्यांचा. टेक्सासचा नियम असा, की ४८ कैद्यांमागे निदान एक तुरुंगरक्षक हवा, आणि ठरलेल्या वेळेला त्याने प्रत्येक कैदी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला पाहिजे. हॅरिस कौंटीला पुरेशी माणसे मिळेनात. जी होती त्यांना पाळी संपल्यावर पुन्हा सक्तीने कामावर ठेवण्यात येऊ लागले. २०२१ च्या सप्टेंबरात तर त्या रक्षकांच्या संघटनेनेच न्यायालयात धाव घेतली. कैद्यांनी दावा करावा हे आपण समजू शकतो. जेथे पहारेकरीही दावा करतो, तेथील स्थिती काय असेल ह्याची कल्पना करा. २०२२ ह्या एका वर्षात ह्या तुरुंगाच्या ताब्यातील किमान २७ माणसे मरण पावली. कौंटीने पगार वाढविले, नव्या भरतीसाठी पैसा दिला. ते करणे अवश्य होते. परंतु माणसे भरती होत आणि कामाच्या ओझ्याने सोडून जात. गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे ते काम झाले.

पहारेकऱ्यांची उणीव ही स्वतःच गर्दी वाढविते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कैद्याला न्यायालयात नेण्यासाठी सोबत माणूस नसला की तारीख तहकूब होते. तारीख तहकूब झाली की तो आणखी काही आठवडे आत राहतो. तो आत राहिला की त्याच्यावर पहारा ठेवण्यास आणखी माणूस लागतो. असे हे चक्र स्वतःच्याच गतीने फिरत राहते.

आता मी तुम्हाला एक साधा हिशेब सांगतो. समजा, एखाद्या तुरुंगात रोज १०० माणसे येतात आणि प्रत्येक माणूस सरासरी १० दिवस राहतो. तर त्या तुरुंगात कोणत्याही दिवशी १,००० माणसे असतील. आता रोज येणारी माणसे १०० च राहू द्या, गुन्हे तितकेच राहू द्या; फक्त प्रत्येकाचा मुक्काम १० दिवसांवरून २० दिवसांवर गेला, तर त्याच तुरुंगात २,००० माणसे होतील. म्हणजे तुरुंगातील गर्दी दोन गोष्टींनी ठरते: किती माणसे आत येतात आणि किती दिवस राहतात. भिंत ह्या दोहोंपैकी एकीलाही हात लावीत नाही. भाड्याची कोठडीही लावीत नाही. म्हणून तुरुंग कशाने भरतो ह्या प्रश्नाचे उत्तर भिंतीजवळ शोधू नये. ते दारापाशी आणि तारखेपाशी शोधावे.

दारापाशी काय होते? तेथे जामीन उभा असतो. हॅरिस कौंटीत किरकोळ गुन्ह्याच्या आरोपात पकडलेल्या माणसापुढे जामिनाची रक्कम ठेवली जाई. ती बहुधा ठरलेल्या कोष्टकावरून काढीत. सुनावणी काही क्षणांत, फार तर दोन-चार मिनिटांत उरके. ज्याच्याजवळ रक्कम असेल तो ती भरून त्याच दिवशी घरी जाई. ज्याच्याजवळ नसेल, तो जामिनाचा धंदा करणाऱ्या दलालाला सुमारे एक दशांश रक्कम देई. ती त्याला कधीच परत मिळत नसे. आणि ज्याच्याजवळ तेवढेही नसेल, तो आत राही. एकाच आरोपाची दोन माणसे, एकाच दिवशी पकडलेली. एक संध्याकाळी घरी जेवतो आणि दुसरा तुरुंगात झोपतो. दोघांत फरक गुन्ह्याचा नाही, पुराव्याचा नाही, फक्त खिशाचा आहे.

२०१६ साली ह्या पद्धतीविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा झाला. २८ एप्रिल २०१७ रोजी न्यायमूर्ती ली रोझेन्थाल ह्यांनी १९३ पानांचा निर्णय दिला आणि ही पद्धत चौदाव्या दुरुस्तीशी विसंगत ठरविली. किरकोळ गुन्ह्यांत पकडलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के माणसे खटला संपेपर्यंत आतच राहत होती, हे त्या प्रकरणात पुढे आले. त्याच वर्षी तीन विद्वानांनी हॅरिस कौंटीतील २००८ ते २०१३ ह्या काळातील लाखो किरकोळ खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच परिस्थितीतील सुटलेल्या आरोपीपेक्षा आत राहिलेला आरोपी गुन्हा कबूल करण्याचा संभव २५ टक्के अधिक आणि त्याला तुरुंगाची शिक्षा होण्याचा संभव ४३ टक्के अधिक, असे त्यांना आढळले.

ह्याचा अर्थ काय? निर्दोष माणूससुद्धा कबुली देतो. कारण कबुली दिली तर तो चार दिवसांत घरी जातो. लढायचे म्हटले तर महिनाभर आत राहतो, आणि तेवढ्यात नोकरी जाते, भाड्याची खोली जाते, मुलांचे हाल होतात. त्याने सुटकेसाठी कबुली दिली, पण ती कबुली पुढे आयुष्यभर त्याच्या नावापुढे राहिली. आता हेही ऐका: त्या कौंटीच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक पंचमांश आहेत, आणि तुरुंगात मात्र ते निम्म्याच्या आसपास आहेत. कायद्यात त्यांच्या वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. वर्णाचे काम तेथे पैसा करतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने हा निर्णय बहुतांशी उचलून धरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि जे न्यायाधीश जुन्या पद्धतीसाठी लढत होते, ते बहुतेक पराभूत झाले. नव्या न्यायाधीशांनी नियम बदलले. काही ठराविक आरोप वगळता किरकोळ गुन्ह्यांतील आरोपीला पैशावाचून जातमुचलक्यावर सोडावे, असे ठरले. २०१९ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने दोन्ही पक्षांमधील तडजोडीचा हुकूमनामा मंजूर केला आणि त्यावर देखरेख करणारे तज्ज्ञ नेमले. माणसे सोडली तर गुन्हे वाढतील, अशी पुष्कळांची भीती होती. ही भीती खोटेपणाने बाळगलेली होती असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याला ती वाटणारच. परंतु देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा सुटलेल्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण वाढले नसल्याचे दिसले.

मग तुरुंग रिकामा झाला काय? नाही. आणि हे सांगितल्यावाचून मी पुढे जाणार नाही. कारण अर्धे सत्य सांगणारा वकील आपल्याच पक्षकाराचे नुकसान करतो. २०२२ साली त्या तुरुंगात सुमारे १०,००० माणसे होतीच. किरकोळ आरोपातील माणसे थोडे दिवस राहत असत, म्हणून त्यांच्या सुटकेने खाटा थोड्याच मोकळ्या झाल्या. आत उरले ते गंभीर गुन्ह्यांचे आरोपी, आणि त्यांचे खटले पुढे सरकत नव्हते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या पुराने फौजदारी न्यायालयाची वीस मजली इमारत निकामी केली. २०२० साली कोरोनाची साथ आली. खटल्यांचा ढीग साचला. त्यातच २०२१ साली राज्याच्या विधिमंडळाने हिंसक गुन्ह्यांच्या आरोपींना जातमुचलक्यावर सोडण्यास बंधन घातले. माझ्या हिशेबातील पहिली बाजू सुधारली होती. दुसरी बाजू, म्हणजे दिवस, बिघडली. एका बाजूच्या सुधारणेला दुसऱ्या बाजूने गिळले. कौंटीने जादा न्यायाधीशांची तरतूद केली, तेव्हा ती खऱ्या रोगाजवळ पोहोचली. २०१० च्या सुमारास कौंटीने सार्वजनिक बचाव-वकिलांचे कार्यालय उभे केले होते. २०१८ साली मनोरुग्णांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे नेणारे केंद्र उघडले होते. हे उपाय इमारतीसारखे दिसत नाहीत, पण दार आणि दिवस ह्या दोहोंवर परिणाम करणारे तेच आहेत.

आणखी एक गोष्ट. २०२३ साली त्याच अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने डॅलस कौंटीच्या खटल्यात, असे वाद फेडरल न्यायालयांनी हाती घेऊ नयेत असे म्हणून २०१८ चे आपले मत रद्द केले. पाच वर्षांपूर्वी जे मत दिले, ते त्याच न्यायालयाने मागे घेतले. निकालाने मिळालेला हक्क निकालाने जाऊही शकतो. तो टिकवायचा तर पाठीशी जागे लोक लागतात.

ह्या हकीकतीतून निघणारे सार मी एका वाक्यात सांगतो. तुरुंगाची किल्ली एकाच्या हाती नसते: पकडणारा पोलीस, जामीन ठरविणारा न्यायाधीश, खटला चालविणारा सरकारी वकील आणि पैसा देणारे मंडळ, ह्या सर्वांच्या हाती ती वाटलेली असते, आणि गरिबाचा मुक्काम लांबतो तो ह्या सर्वांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

आता आपल्या घराकडे वळू. इथला कायदा वेगळा आहे, पण दाराशी उभा असलेला जामीन तोच आहे, म्हणूनच मी हा विषय घेतला. २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. शंभर माणसांच्या जागेत १३१ माणसे होती. कच्च्या कैद्यांत दर पाचांपैकी सुमारे एक अनुसूचित जातींचा होता. आपल्याकडे कारागृह हा विषय राज्य सरकारचा आहे. नगरपालिकेला वा जिल्हा परिषदेला त्यात हात नाही. तरीही जिल्ह्याच्या पातळीवर एक समिती आहे. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. कलेक्टर, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंगाधिकारी तिचे सभासद असतात. कोणता कच्चा कैदी सुटण्यास पात्र झाला आहे, हे तिने पाहायचे असते. ज्या किल्ल्या मी आत्ता सांगितल्या, त्यांपैकी बऱ्याच ह्या एका टेबलाभोवती येतात. म्हणून ह्या समितीचे नाव तुमच्या वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

अपुऱ्या नोकरांचा तुरुंग आपली झाडलोट आणि स्वयंपाक कैद्यांकडूनच करवून घेतो. आपल्या देशात हे काम कित्येक राज्यांच्या नियमपुस्तकांनी जातीवरून वाटले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरविले. तुरुंगात गेलेल्या आपल्या माणसाला जातीवरून झाडू हाती घ्यावयास सांगितले, तर तो हुकूम बेकायदा आहे, हे त्याला ठाऊक असू द्या.

आता कायदा काय देतो ते नीट ऐका, आणि घरी जाऊन वहीत लिहून ठेवा.

पकडलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने हा हक्क दिला आहे. वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जातींच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि अटकेत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट त्यांना नाही. आपण बौद्ध झालो म्हणून हा हक्क गेला, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची तीन कलमे लक्षात ठेवा. ४७८ वे कलम सांगते, की गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर तो माणूस निर्धन समजून त्याला जामीनदारावाचून सोडावे. १८७ वे कलम सांगते, की गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सुटकेचा हक्क येतो. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वीच अर्ज केला पाहिजे. ४७९ वे कलम सांगते, की ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही, त्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. मृत्युदंड वा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना हे कलम लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही. मुदत पुरी होताच न्यायालयाला कळविणे हे तुरुंगाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांतील कच्च्या कैद्यांनाही लागू केले.

आणि ज्याला जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदाराअभावी जो बाहेर येऊ शकत नाही, त्याच्याविषयी ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. आठवड्यात सुटका झाली नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे; महिनाभरात जामीन भरला गेला नाही, तर न्यायालयाने अट सौम्य करण्याचा विचार स्वतःहून करावा. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असे समजून कित्येक कुटुंबे निश्चिंत होतात. मंजुरी आणि सुटका ह्यांच्यामध्ये एक सही आणि एक सातबारा उभा असतो, आणि भूमिहीन माणूस तेथेच अडकतो. अशा वेळी रक्कम वा अट कमी करून मागण्याचा अर्ज करता येतो, हे विसरू नका.

तेव्हा माझे तुम्हाला काही सांगणे आहे. घरातील कोणी पकडला गेला तर लाजेने गप्प बसू नका, आणि पोलीस-ठाण्याभोवती घोटाळणाऱ्या दलालाच्या हाती मंगळसूत्र देऊ नका. प्रथम जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. 'कबूल कर, सुटशील' असे कोणीही सांगितले, मग तो आपलाच माणूस असो, तरी वकिलाला विचारल्यावाचून कबुली देऊ नका. पकडल्याची तारीख, कलम आणि त्या कलमाची कमाल शिक्षा कागदावर लिहून भिंतीवर लावा, आणि एक तृतीयांश मुदत कोणत्या दिवशी पुरी होते, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवा. प्रत्येक वस्तीने, प्रत्येक विहाराने, आपल्या भागातील किती माणसे जामीन मंजूर होऊनही आत आहेत, ह्याची यादी करावी आणि ती त्या जिल्हा समितीकडे लेखी द्यावी. ज्याच्या नावावर चार गुंठे जमीन आहे वा पक्की नोकरी आहे, त्याने वर्षातून एकदा तरी एखाद्या गरीब कच्च्या कैद्याला जामीन राहण्याचा विचार करावा. मात्र तो माणूस तारखेला हजर राहील, ही जबाबदारीही त्याने घ्यावी.

ह्यूस्टनच्या तुरुंगात पन्नास वर्षांत पुष्कळ पैसा ओतला गेला. तेथे जे थोडेबहुत बदलले, ते कोणीतरी दाराशी उभे राहून 'हा माणूस आत कां आहे आणि किती दिवस आहे?' असे विचारले तेव्हा बदलले. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. तुमच्या वस्तीतील जो मुलगा ह्या क्षणी आत आहे, त्याच्याविषयी तो उद्या सकाळी विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

जय भीम.